पोती नव्हे, ताटे मोजा

'आता कोण उपाशी राहतो?' हा प्रश्न नागपूरच्या सुस्थित घरांतून हल्ली इतक्या निर्धास्तपणे विचारला जातो की, त्याला काही उत्तर असू शकेल अशी शंकाही विचारणाऱ्याच्या मनाला शिवत नाही. सरकार धान्य फुकट देते, अंगणवाडीत आहार मिळतो, शाळेत खिचडी शिजते; मग भूक उरली कुठे? उलट, फुकटच्या तांदळामुळे मजूर कामाला येईनासे झाले, हा तक्रारीचा सूरच अधिक ऐकू येतो. राष्ट्रकार्याविषयी आस्था बाळगणाऱ्या कुटुंबांतही तो उमटतो, म्हणून त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.

या प्रश्नातला अर्धा भाग खरा आहे आणि तो अभिमानाने मान्य केला पाहिजे. १९६५-६६ च्या अवर्षणात अमेरिकी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसावे लागलेला हा देश आज सुमारे ८१ कोटी नागरिकांना दरमहा धान्य देतो. २५ डिसेंबर २००० रोजी अटलजींच्या शासनाने एक कोटी दरिद्री कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून अंत्योदय अन्न योजना सुरू केली. २०२० च्या महामारीत माणशी ५ किलो जादा धान्य विनामूल्य देण्यात आले. १ जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षा कायद्याचे धान्यच विनामूल्य झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी ती व्यवस्था कायम करण्यात आली. हे यश नाकारणारा कृतघ्न ठरेल.

परंतु गोदामातून पोते बाहेर पडले, म्हणजे ताटात अन्न पडले असे होत नाही. पोत्यांचा हिशेब सरकारजवळ आहे. ताटांचा हिशेब कोणाजवळ आहे? आपल्या शाखेच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वस्तीत किती घरांत महिन्याच्या विसाव्या दिवशी डबा रिकामा होतो, किती घरांत आठवडाभर वरण शिजत नाही, किती घरांत आई उरलेल्यावर भागवते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? ज्याला हे सांगता येत नाही, त्याला 'आता कोण उपाशी राहतो' असे विचारण्याचा अधिकार नाही.

टेम्पलचे एक रतल

भूक कोण मोजतो आणि कोणत्या मापाने मोजतो, यावर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून असते. हा धडा या भूमीला इंग्रजी अमदानीने शिकविला आहे. त्या कथेतील मुख्य पात्राचा नागपूरशी निकटचा संबंध होता. सर रिचर्ड टेम्पल हे १८६२ ते १८६७ या काळात मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. त्यांचे मुख्यालय नागपूर. पुढे १८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा याच टेम्पलनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोकांना जगविले. मृत्यू फार थोडे झाले. पण पैसा फार खर्च झाला, म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. साहेब शहाणे झाले. १८७७ साली मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या दुष्काळी पाहणीवर त्यांना पाठविण्यात आले, तेव्हा त्यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक रतल धान्य आणि वर एक आणा पुरेसा आहे, असे ठरवून टाकले. एक रतल म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि तेही दिवसभर खडी फोडणाऱ्याला! मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्यावर कडाडून आक्षेप घेतला. बिहारातील माणसाचे पोट मोठे आणि मद्रासच्या माणसाचे लहान, असे काही नव्हते. बदलली होती ती मोजणाऱ्याची थैली.

त्याच दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने काय केले, हे आज विशेष आठवले पाहिजे. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांच्या या सभेने केवळ सभा भरवून निषेधाचे ठराव केले नाहीत. तिने आपली माणसे दुष्काळी तालुक्यांत धाडली, गावोगावची स्थिती टिपून घेतली आणि त्या वृत्तांतांच्या आधारे सरकारपुढे निवेदने ठेवली. सरकारी कागदात जे नव्हते, ते समाजाने स्वतः मोजून मांडले. वासुदेव बळवंतांचे बंड याच दुष्काळाने पेटविले, हे आपण अभिमानाने सांगतो. तालुक्यातालुक्यांत वही घेऊन फिरलेल्या त्या अनामिक कार्यकर्त्यांचे स्मरण मात्र आपण विसरलो.

सरासरीचा आडोसा

इंग्रज गेले, पण वरून मोजण्याची खोड गेली नाही. नियोजन आयोगाने एका माणसाला शहरात २१०० आणि खेड्यात २४०० उष्मांक लागतात, असे गृहीत धरून दारिद्र्याची रेषा आखली. पुढे पुढे ती रेषा इतकी खाली सरकली की, सप्टेंबर २०११ मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीच्या राजवटीत याच आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले : शहरात दिवसाला ३२ आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा गरीब नव्हे! देशभर संताप उसळला तो उगाच नाही. पण संताप ओसरला आणि वरून मोजण्याची रीत तशीच राहिली.

आपल्या राज्यातलेच उदाहरण घ्या. अन्न सुरक्षा कायद्याची अंमलबजावणी करताना महाराष्ट्र शासनाने २०१३ साली शहरी 'प्राधान्य कुटुंबा'साठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरविली ती ५९ हजार रुपयांची. बारांनी भागून पाहा. महिन्याला पाच हजार रुपयांहूनही कमी! नागपुरात चार घरची धुणीभांडी करणारी विधवा भगिनीदेखील प्रामाणिकपणे आपली मिळकत सांगेल, तर ती या मर्यादेबाहेर फेकली जाते. म्हणजे खरे बोलणारा उपाशी आणि खोटे बोलणारा लाभार्थी! जी व्यवस्था दरिद्री माणसाला खोटे बोलण्याची सक्ती करते, ती त्याच्या ताटाबरोबर त्याचे शीलही हिरावते.

दुसरी गोष्ट इष्टांकाची. कायद्याखालील लाभार्थ्यांची कमाल संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी माणसे आली. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. मधल्या काळात वस्त्या वाढल्या, घरात सून आली, नातवंडे झाली. या सुनेचे नाव शिधापत्रिकेत घालायला गेले की, 'इष्टांक शिल्लक नाही' हे उत्तर कानी पडते. सासरी नाव चढलेले नाही आणि माहेरचे कमी झालेले, अशा अवस्थेत ती गरोदरपणाचे महिने काढते. ज्या काळात तिला अन्नाची सर्वाधिक गरज, त्याच काळात कागदावर ती अस्तित्वातच नसते.

आणि ज्यांची नावे आहेत, त्यांचे तरी काय? माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम. कायद्याने हे धान्य पूरक मानले आहे, संपूर्ण आहार नव्हे. तेव्हा त्याची टेम्पलच्या रतलाशी सरळ तुलना करणे योग्य होणार नाही. परंतु पाच माणसांच्या कष्टकरी कुटुंबाला दिवसाला पावणेदोन किलो धान्य लागते, हे कोणतीही गृहिणी सांगेल. २५ किलो धान्य चौदा दिवसांत संपते. उरलेले सोळा दिवस, आणि संपूर्ण महिन्याची डाळ, तेल, भाजी, दूध हे सारे बाजारातून आणायचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या आहारात सुमारे ८५ ग्रॅम डाळी वा तत्सम प्रथिनयुक्त पदार्थ असावेत. वस्तीतल्या घरात ते कोठून येणार? पोट भरते, पण शरीर पोसले जात नाही. आजच्या भुकेचे खरे रूप हे आहे. ती रस्त्यावर पडलेली दिसत नाही; ती रक्तात असते.

परक्यांचा निर्देशांक आणि आपले आकडे

दरवर्षी ऑक्टोबर महिना आला की, जागतिक भूक निर्देशांकाचा गाजावाजा होतो. दोन युरोपीय संस्थांच्या नावाने निघणाऱ्या या यादीत २०२३ साली १२५ देशांत भारताला १११ वा क्रमांक देण्यात आला. आपल्याकडील स्वयंघोषित पुरोगाम्यांना तर ही पर्वणीच! देशाची मान खाली गेली, याचा जणू त्यांना हर्षच होतो. या निर्देशांकाच्या चार घटकांपैकी तीन घटक पाच वर्षांखालील बालकांशी निगडित आहेत आणि त्यावरून संपूर्ण राष्ट्राला 'भुकेले' ठरविले जाते, हा आक्षेप भारत सरकारने घेतला आहे आणि तो रास्त आहे.

पण येथेच थांबून चालणार नाही. परक्याचा आरसा वाकडा आहे असे म्हणणाऱ्याने आपला आरसा पुढे केला पाहिजे. तो आहे. आपल्याच आरोग्य मंत्रालयाच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील ५४.२ टक्के महिला रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली होती. उंचीच्या मानाने रोडावलेल्या बालकांचे प्रमाण देशात १९.३ टक्के, तर महाराष्ट्रात २५.६ टक्के! देशातील सर्वाधिक उद्योगसंपन्न राज्यांत गणना होणाऱ्या, शिवछत्रपतींच्या या राज्यात दर चार बालकांमागे एक बालक रोडावलेले असावे, हे कोणा युरोपीय संस्थेने रचलेले कुभांड नव्हे. हे आपले आकडे आहेत. त्यांनी आपली झोप उडत नसेल, तर परक्यांवरील आपला राग हा केवळ लटका अभिमान ठरतो.

ज्वारी गेली, कडबा गेला, दूध गेले

नागपूरच्या वस्त्यांतील पुष्कळशी कुटुंबे आसपासच्या खेड्यांतून आलेली आहेत. काटोल, सावनेर, उमरेड या बाजूंच्या, तसेच भंडारा, बालाघाट, छिंदवाड्याकडच्या माणसांनी या शहराचे बांधकाम उभे केले. त्यांच्या ताटाचा इतिहास वस्तीत नव्हे, शेतात सुरू होतो.

पश्चिम विदर्भात आणि नागपूरच्या आसपास ज्वारी हे घरचे धान्य होते. कापसाच्या जोडीने ज्वारी आणि तूर पेरली जाई. कापूस बाजारासाठी, ज्वारी कोठीसाठी, तूर वरणासाठी, बांधावरची अंबाडी भाजीसाठी, जवस तेलासाठी आणि चटणीसाठी. ज्वारी केवळ भाकर देत नसे. तिचा कडबा गुरांना मिळे, गुरे दूध आणि शेणखत देत. एका पिकाच्या आधारावर माणूस, गाय आणि माती या तिघांचे पोषण होई. सोयाबीन आले, रोख पैसा आला आणि ही साखळी तुटली. सोयाबीनचे पीक सगळेच्या सगळे बाजारात जाते. घरातील कोठीत त्यातले काही राहत नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी गुरे गेली, गुरे गेली तसे दूध गेले. आता शेतकरीच पिशवीतला गहू आणि पुडीतली डाळ विकत आणतो. अन्नदाताच अन्नाचा गिऱ्हाईक झाला.

शासनालाही हे मान्य करावे लागले. २०१५ साली राज्याने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना २ रुपयांनी गहू आणि ३ रुपयांनी तांदूळ देण्यास प्रारंभ केला. त्यांत विदर्भाचे सहा जिल्हे होते : अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा, यवतमाळ आणि वर्धा. पिकविणाऱ्याला शिध्याच्या दुकानापुढे उभे करावे लागावे, यातच आपल्या शेतीनीतीचा पराभव लिहिलेला होता. पुढे २०२३ मध्ये या धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये बँकेत जमा करण्याचे ठरले. मुंबईत बसून आदेश काढणाऱ्याला धान्य आणि रोकड यांत फरक दिसत नाही. घर चालविणाऱ्या माउलीला तो दिसतो : घरात आलेले धान्य शिजते, खात्यात आलेले दीडशे रुपये कोठे जिरतात, ते कळतही नाही.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून भारताच्या पुढाकाराने साजरे झाले. 'श्रीअन्न' हे सुंदर नाव मिळाले. शहरांतील मोठ्या दुकानांत ज्वारीचे पोहे आणि नाचणीची बिस्किटे आली. ज्वारी श्रीमंतांच्या न्याहारीत परतली. गरिबांच्या भाकरीत ती केव्हा परतणार? कायद्याने १ रुपया किलो दराने भरडधान्य देण्याची तरतूद २०१३ पासूनच होती. विदर्भातील ज्वारी हमीभावाने विदर्भातच खरेदी करून विदर्भाच्याच शिध्यात नियमितपणे दिली, तर शेतकरी, गाय आणि वस्तीतले मूल अशा तिघांचेही भले होईल. ही मागणी नागपुरातून, दर हिवाळी अधिवेशनाच्या दारावर, एकमुखाने झाली पाहिजे.

गडचिरोलीचा धडा

परंतु मागणी करणाऱ्याजवळ पुरावा हवा. तो कसा गोळा करावा, याचे उदाहरण विदर्भानेच घालून दिले आहे. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग आणि त्यांच्यासमवेत राज्यातील एकूण १३ संस्थांनी दोन वर्षे खेड्यांत आणि शहरी झोपडपट्ट्यांत घरोघर जाऊन प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदविला. २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालातून तो हिशेब समोर आला, तेव्हा शासकीय दप्तरातील बालमृत्यूंपेक्षा प्रत्यक्षातील बालमृत्यू कितीतरी अधिक असल्याचे उघड झाले. जी बालके मेली ती दप्तरात मेलीच नव्हती! पुढे शासनाला डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली मूल्यमापन समिती नेमावी लागली. त्यांच्या सर्व विचारांशी आपण सहमत असलेच पाहिजे असे नाही. पण मोजणीपुढे मंत्रालय नमले, हे सत्य आहे. आरडाओरड्याने जे झाले नसते, ते वहीने केले.

त्याच सुमारास, २००२ च्या जुलैमध्ये, देशाच्या गोदामांत ६ कोटी टनांहून अधिक धान्य साठलेले होते. पोती भरपूर होती, ताटे रिकामी होती. दिल्लीत कोण आणि मुंबईत कोण सत्तेवर होते, हा वाद येथे गौण आहे. मधला दुवा तुटलेला होता आणि तो दुवा म्हणजे समाज.

वस्तीची मोजणी कोणी करायची?

हे काम सरकारचे आहे, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण पं. दीनदयाळजींनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईच्या व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले, तेव्हा समाजाला स्वतःचे चैतन्य असते आणि राज्य हे समाजाच्या अनेक संस्थांपैकी एक असते, हा विचार त्यांनी दिला. शेवटच्या माणसाचा शोध घेण्याचे काम त्या संस्थेवर सोपवून आपण मोकळे होणार असू, तर अंत्योदय हा शब्द उच्चारू नये हे बरे.

नागपुरात महापालिकेच्या नोंदीप्रमाणे चारशेहून अधिक झोपडपट्ट्या आहेत. सेवाकार्य आणि संपर्क यांचे जाळे त्यांतील असंख्य वस्त्यांपर्यंत पोहोचलेले आहे. २०२० च्या टाळेबंदीत याच शहरात स्वयंसेवकांनी दारोदार शिधा पोहोचविला. कोणत्या घरात चूल पेटलेली नाही, हे तेव्हा नेमके ठाऊक होते. त्या याद्या आज कोणाजवळ आहेत? संकट सरले की यादीही सरली, असे होत असेल, तर ती सेवा नव्हे, निव्वळ वाटप झाले.

प्रत्येक नगराने एक वस्ती निवडावी आणि दोन वेळा मोजावी : एकदा दिवाळीनंतर आणि एकदा आषाढात. आषाढात अशासाठी की, विदर्भात भुकेला महिना असतो. पेरणीत पैसा गेलेला, पीक हाती यायचे, पावसामुळे बांधकामे थांबलेली, अशा दिवसांत घराची खरी कसोटी लागते. सुगीनंतर पाहणी करणाऱ्याला सर्वत्र आबादीआबादच दिसणार.

विचारायचे तरी काय? फार मोठ्या शास्त्राची गरज नाही. शिधापत्रिका आहे काय आणि घरातील कोणाचे नाव तिच्यात नाही? शिध्याचे धान्य कोणत्या तारखेपर्यंत पुरते? आठवड्यात किती दिवस वरण शिजते? मुलाला दूध मिळते काय? गेल्या महिन्यात पैशाअभावी कोणाचे जेवण चुकले काय? घरात शेवटी कोण जेवते? किराणा दुकानाच्या वहीत उधारी किती? गॅसचे सिलिंडर शेवटचे केव्हा भरले? अंगठ्याचा ठसा यंत्राला पटत नाही म्हणून कोणी म्हातारा रिकाम्या हाती परतला काय? हे प्रश्न पुरुषांनी पुरुषांना विचारून भागणार नाही. घरातले डबे कोणते रिते आहेत, हे स्त्रीच स्त्रीजवळ सांगते. म्हणून या कामात भगिनींनी पुढे व्हावे. विचारताना जात, पंथ, पक्ष पाहू नये. रिकाम्या चुलीला पंथ नसतो आणि जिला आपण राष्ट्र म्हणतो, ती माता आपल्या लेकरांची पंगत बसविताना भेद करीत नाही. आणि मोजून झाल्यावर ते कागद कपाटात ठेवू नयेत. ज्याचे नाव सुटले त्याचा अर्ज भरून द्यावा, पुरवठा अधिकाऱ्याकडे पाठपुरावा करावा, अंगणवाडीचे वजनकाटे तपासावेत आणि वस्तीचा हिशेब नगरसेवकापासून आमदारापर्यंत सर्वांपुढे मांडावा, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. आपल्या विचारांचे असतील, तर अधिक आग्रहाने मांडावा.

एक शेवटची गोष्ट, जी कदाचित काहींना झोंबेल. पोरे नोकरीला लागली, दारात चारचाकी आली, तरी लाभार्थ्यांच्या यादीत ज्यांची नावे अजून कायम आहेत, अशी घरे आपल्याही परिचयात आहेत. इष्टांक मर्यादित आहे. त्यातील प्रत्येक अनावश्यक नाव म्हणजे एका सुनेचे वा एका तान्ह्याचे अडवलेले नाव होय. दुसऱ्याच्या ताटावर बसून राष्ट्रभक्ती होत नाही. अशा कुटुंबांनी स्वतः अर्ज करून आपली नावे कमी करून घ्यावीत.

परमवैभवाचे स्वप्न आपण रोज पाहतो. ते वैभव गोदामांतील पोत्यांच्या थप्प्यांवरून ठरणार नाही. आपल्या नगरातील अखेरच्या गल्लीतल्या अखेरच्या घरात आषाढातल्या एखाद्या रात्री काय शिजले आणि ते सर्वांना पुरले की नाही, यावरून ते ठरेल. तिथवर जायला पाऊण तास पुरतो. येत्या रविवारी वही घेऊन निघावे.